एका चार्जिंगला एक बादली : परळची वीज आणि भीमेचं पाणी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा सांगितलेलं काढून टाकलंय. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून इथे ते सावकाश मांडलेत.)

लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज जरा आकडेमोड आहे. घाबरू नका, नववीच्या पुस्तकापलीकडचं काही नाही.

आधी एक प्रश्न. तुम्ही हा भाग ज्या फोनवर ऐकताय, तो शून्यापासून शंभर टक्के चार्ज करायला किती पाणी लागतं?

हो, पाणीच म्हणतोय.

उत्तर आहे : वीज कुठून आली त्यावर अवलंबून. लोणावळा-मुळशीकडच्या धरणांतून आली असेल तर साधारण एक बादली. कोळशावरच्या केंद्रातून आली असेल तर जेमतेम एक कटिंग चहा होईल एवढं. ऐकायला हे उलटं वाटतं, कारण जलविद्युत म्हणजे स्वच्छ आणि कोळसा म्हणजे वाईट असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. हवेच्या बाबतीत ते खरंही आहे. पण पाण्याच्या बाबतीत, आणि त्यातही सोलापूरसारख्या कोरड्या भागाच्या बाजूने बघितलं तर, हिशोब वेगळाच निघतो. आज तो हिशोब करू.

बादली कुठून आली?

एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. हा टन पाचशे मीटर खाली आला, तर त्यातून किती ऊर्जा मिळेल? वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची. १,००० गुणिले ९.८ गुणिले ५००, म्हणजे ४९ लाख जूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार केला की १.३६ युनिट. पाइप, टर्बाइन, जनरेटर यांत थोडं वाया जातं, ते वजा करा. हातात उरतं साधारण १.२ युनिट.

म्हणजे एका युनिटला सव्वाआठशे लिटर पाणी पाचशे मीटर खाली सोडावं लागतं. पाचशेच का घेतले, तर खोपोली, भिवपुरी आणि भिरा या टाटांच्या तिन्ही जलविद्युत केंद्रांवर पाणी साधारण तेवढ्याच उंचीवरून खाली येतं.

आता फोन. पाच हजार एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला, चार्जर गरम होतो ती ऊर्जा धरून, अंदाजे २४ वॅट-तास लागतात. युनिटच्या चाळिसाव्या भागापेक्षा थोडंसंच कमी. सव्वाआठशेला त्याने गुणलं की वीस लिटर. झाली एक बादली.

फोन सोडा, एसी घ्या. दीड टनाचा एसी तासाला एक युनिट खातो असं धरलं, तर आठ तासांच्या झोपेला साडेसहा हजार लिटर. छोट्या टँकरभर पाणी. आणि जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला किती पाणी मिळायला हवं? ५५ लिटर. म्हणजे एसीचा एक तास बरोबर पंधरा माणसांचं दिवसभराचं पाणी.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये बरोबर पकडाल. तुमच्या सॉकेटमधलं युनिट नेमकं खोपोलीचंच आहे असं सांगता येत नाही. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते. मी भोईवाड्यात राहतो, आमच्याकडे बिल येतं बेस्टचं. बेस्ट स्वतः वीज तयार करत नाही, विकत घेते, आणि त्यातला मोठा वाटा टाटा पॉवरचा. त्यात ट्रॉम्बेची कोळशाची वीज आहे तशी घाटातल्या पाण्याचीही आहे. त्यामुळे 'माझ्या फोनमध्ये इंद्रायणी' असं शब्दशः नका घेऊ. पण मुंबईच्या विजेत भीमेचं पाणी आहे, हे शंभर टक्के खरं.

नदी पूर्वेला, पाणी पश्चिमेला

भीमा मध्येच कुठून आली?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीचा माथा अरबी समुद्रापासून अगदी जवळ आहे. पण लोणावळ्यात पडलेला पाऊस या जवळच्या समुद्राकडे जात नाही. तो पूर्वेला वळतो. इंद्रायणी होऊन देहू-आळंदीला जातो, तुळापूरला भीमेला मिळतो, पुढे उजनी धरणात येतो, तिथून पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहतो, मग कृष्णेत आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात. मुळशीचं पाणीही तसंच. मुळा, मुठा, भीमा, उजनी.

ही निसर्गाची एक भली मोठी वाटपाची व्यवस्था आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. सोलापूर जिल्ह्यात पाचशे-सहाशेच्या आसपास. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात, पुढे पर्जन्यछायेच्या प्रदेशात फार काही उरत नाही. पण नदी ते पाणी घेऊन कोरड्या मुलखात जाते. जिथे पाऊस पोचत नाही तिथे नदी पोचते.

टाटांच्या योजनेने या व्यवस्थेत एक बदल केला. नदी जिथे उगम पावते तिथेच धरण बांधायचं, पाणी अडवायचं, आणि पूर्वेला जाऊ देण्याऐवजी बोगद्यातून, पाइपांतून पश्चिमेच्या कड्यावरून खाली कोकणात सोडायचं. पूर्वेला उतार मंद आहे, तिकडे पाण्याला जोर नाही. पश्चिमेला सरळ कडा. इंजिनीअर म्हणून सांगतो, कल्पना जबरदस्त आहे. आणि गरजही खरी होती. तेव्हाच्या मुंबईत गिरण्या वाफेवर चालायच्या, कोळसा लांबून यायचा, धूर सगळा परळ-लालबागवर.

१९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली. जमशेटजी टाटांचं हे स्वप्न होतं, पण ते १९०४ मध्येच गेले होते. वळवण, लोणावळा, शिरवटा ही धरणं बांधली गेली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं. तिथून वीज डोंगर-खाड्या ओलांडून कुठे आली माहितीये? परळला. वीज उतरवून घेणारं केंद्र, ज्याला रिसीव्हिंग स्टेशन म्हणतात, ते परळला होतं. इथून ती गिरण्यांना जायची. मग १९२२ मध्ये भिवपुरी, आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर. १९२७ मध्ये भिरा, मुळशीच्या पाण्यावर.

म्हणजे आपल्या वस्तीतली चाकं वीजेवर फिरायला लागली ती पंढरपूरच्या वाटेवरच्या पाण्यावर. आणि ती चाकं फिरवणारे हातही निम्मे कोकणातले, निम्मे घाटावरचे. ज्या घाटाच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला जात होतं, त्याच घाटाच्या दोन्ही बाजूंची माणसं गिरणीत शेजारी-शेजारी उभी होती.

रस्त्याच्या नावात दडलेली गोष्ट

दादर-लोअर परळकडचा सेनापती बापट मार्ग तुम्हाला ठाऊक असेल. जुने लोक अजून तुळशी पाइप रोड म्हणतात, तुळशी तलावाच्या पाण्याचा नळ तिथून जायचा म्हणून. रस्त्याचं एक नाव पाण्याच्या पाइपाचं, दुसरं सेनापती बापटांचं. आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे बिरुद मिळालं तेसुद्धा पाण्याच्या एका लढ्यातून.

मुळशी सत्याग्रह. एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मुळशीच्या धरणात पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. मावळे म्हणजे तिथले शेतकरी बांधकामाच्या जागी जाऊन बसले. जमीन भूसंपादन कायद्याने घेतली जात होती. कंपनी खासगी, कायदा सरकारचा. बापट, विनायकराव भुस्कुटे यांनी लढा चालवला, बापटांना तुरुंगवास झाला. १९२४ पर्यंत आंदोलन संपलं, आणि धरण झालंच. धरणाविरुद्धच्या जगातल्या सगळ्यात आधीच्या संघटित लढ्यांमध्ये मुळशीचं नाव घेतात.

गंमत बघा, ज्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं त्याच्या दोन्ही बाजूंना गिरण्या होत्या, ज्यांना ती वीज हवी होती. आता तिथे मॉल आणि ऑफिसं आहेत. त्यांनाही वीज हवीच आहे.

तेव्हाचा वाद बुडणाऱ्या जमिनीचा होता. वळवलेल्या पाण्याचा हिशोब तेव्हा फारसा कुणी मागितला नाही, कारण खाली उजनी नव्हतं, सोलापूरची वस्ती एवढी नव्हती, ऊस नव्हता. तो प्रश्न पन्नास वर्षांनी आला.

किती पाणी?

कृष्णा खोऱ्याचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाटायला बच्छावत लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा १९७३ चा, अंतिम स्वरूप १९७६ मध्ये. त्यात टाटांच्या धरणांतून खोऱ्याबाहेर किती पाणी न्यायचं याला मर्यादा घातली : सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी, आणि कोणत्याही एका वर्षात साडेचोपन्नपेक्षा जास्त नाही. सरासरी काढली तर वर्षाला ४२.४ टीएमसी. कोयनेतून पश्चिमेला वळवायला वेगळे ६७.५ टीएमसी. महाराष्ट्राला मूळ वाटपात मिळाले होते ५६० टीएमसी. म्हणजे राज्याच्या वाट्याच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढं पाणी वीज करण्यासाठी खोऱ्याबाहेर जाऊ शकतं.

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. असं सांगितलं की डोक्यावरून जातं, म्हणून मुंबईच्या भाषेत सांगतो. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, म्हणजे मुंबईचा एक आठवडा आणि वर काही तास. ४२.४ टीएमसी म्हणजे अख्ख्या मुंबईचे दहा महिने. लक्षात घ्या, आपण पितो ते पाणी हे नाही. ते तानसा, भातसा, वैतरणा वगैरे सात तलावांचं. हे पाणी फक्त विजेसाठी.

आता सोलापूरच्या भाषेत. उजनीचा उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी. म्हणजे दरवर्षी उजनीच्या जवळपास ऐंशी टक्के पाणी घाटमाथ्यावरूनच दुसरीकडे वळतं. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा कुठे होता? उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली. उणे म्हणजे काय, तर दारातून बाहेर न पडणारं तळाचं पाणीसुद्धा उपसायला घेतलेलं.

माझ्या टीममधली एक मैत्रीण मोहोळची आहे. सोलापूर शहरात तिच्या मावशीकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. मी तिला हे आकडे दाखवले तर ती म्हणाली, "म्हणजे आमचं पाणी तुमच्याकडे वीज होऊन येतं, आणि आम्ही वीज वापरून जमिनीतून पाणी काढतो?"

तिचं हे वाक्य आजच्या भागाचा गाभा आहे. त्याच्याकडे येतोच. आधी कटिंगचा हिशोब पूर्ण करू.

कोळशाला पाणी कशाला?

कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, मग ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचं. या थंड करण्यात पाणी उडून जातं. औष्णिक केंद्राशेजारी जे भलेमोठे डमरूच्या आकाराचे मनोरे दिसतात, त्यांतून निघणारा पांढरा ढग धुराचा नसतो, ती आपल्या पाण्याची वाफ असते. केंद्राच्या नियमानुसार युनिटमागे तीन ते साडेतीन लिटर ही कमाल मर्यादा आहे. फोनच्या एका चार्जिंगला त्या हिशोबाने ऐंशी-पंच्याऐंशी मिलिलिटर. एक कटिंग.

कुठे सव्वाआठशे लिटर आणि कुठे साडेतीन! पण दोन फरक आहेत. एक, औष्णिक केंद्राचं पाणी हवेत उडून जातं. जलविद्युतचं पाणी संपत नाही, फक्त जागा बदलतं. दुसरा, एवढंसं पाणीसुद्धा कोरड्या भागात जड जातं, कारण केंद्र चोवीस तास चालतं आणि पाणी रोज लागतं.

परळी वैजनाथ. बीड जिल्हा. महानिर्मितीचं जुनं औष्णिक केंद्र. २०१३ च्या फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून बंद पडलं. २०१५ च्या जुलैत पुन्हा. १,१३० मेगावॅट क्षमता, कोळसा आणता येतो, यंत्रं आहेत, माणसं आहेत, पाणी नाही. दुसऱ्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेने न्यावं लागलं, ती 'जलदूत' तुम्हाला आठवत असेल. त्याच मराठवाड्यातली ही गोष्ट. दुष्काळ आधी विहीर आटवतो, मग टर्बाइन थांबवतो.

आणि सोलापूर? तिथे एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. पहिला संच २०१७ चा, दुसरा २०१९ चा. पाणी कुठून? लांबून पाइपलाइन टाकून, उजनीतून. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला तीन कोटींहून जास्त युनिट. युनिटला तीन लिटर धरले तर साडेनऊ कोटी लिटर. हा माझा कागदावरचा हिशोब आहे, केंद्र रोज पूर्ण क्षमतेने चालत नाही. तरी तुलनेसाठी : २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. माणशी १३५ लिटरच्या शहरी निकषाने त्याला लागतं पावणेतेरा कोटी.

म्हणजे भीमेच्या पाण्यातून दोनदा वीज निघते. उगमाशी, घाटावरून खाली टाकून. आणि पुढे उजनीला, वाफ करून.

ट्रॉम्बे किंवा डहाणूचं केंद्र समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, म्हणून तिथे ही अडचण नाही. नागपूरकडे कोराडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात. २०१६ च्या वीजदर धोरणात तर असं आहेच की पन्नास किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर औष्णिक केंद्राने ते पाणी वापरावं. कोरड्या भागात कोळशाचं केंद्र चालवायचंच असेल तर निदान हे व्हायला हवं. आंघोळीचं पाणी टर्बाइनला चालतं, टर्बाइनचं पाणी मात्र नळाला परत येत नाही.

उतरलेलं पाणी, चढवलेलं पाणी

आता मैत्रिणीचं वाक्य.

तिच्या घरचं बोअर साडेसहाशे फूट खोल आहे. म्हणजे साधारण दोनशे मीटर. एक हजार लिटर पाणी दोनशे मीटर वर आणायला किती ऊर्जा? तेच सूत्र, फक्त उलट. १,००० गुणिले ९.८ गुणिले २००, म्हणजे १९.६ लाख जूल, अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. पण पाण्यातल्या मोटरची आणि पंपाची मिळून कार्यक्षमता पन्नास-पंचावन्न टक्केच असते. त्यामुळे मीटरवर पडतं एक युनिट.

आता दोन्ही ओळी शेजारी ठेवा.

खोपोलीत एक हजार लिटर पाणी खाली सोडलं : मिळालं १.२ युनिट.
मोहोळमध्ये एक हजार लिटर पाणी वर काढलं : गेलं १ युनिट.

म्हणजे नदीतून आपोआप, उताराने, एक पैसाही न घेता जे पाणी पूर्वेला गेलं असतं, ते आपण वीज करायला पश्चिमेला सोडतो. आणि मग तेवढंच पाणी जमिनीच्या पोटातून काढायला जवळपास तेवढीच वीज पूर्वेला खर्च होते. कोडमध्ये कुणी असं लिहिलं, इकडे डेटा अनझिप करा आणि तिकडे तोच पुन्हा झिप करा, तर रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न येईल : हे का चाललंय?

अर्थात वळवलेला प्रत्येक लिटर मोहोळच्या बोअरपर्यंत पोचला असता असं नाही. वाटेत पुणे आहे, कालवे आहेत, बाष्पीभवन आहे. आणि सोलापूरची टंचाई काही फक्त टाटांच्या धरणांमुळे नाही. साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात पुढे आहे. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात एवढा ऊस, हा आपला आपण ओढवून घेतलेला भाग. पण म्हणून ४२ टीएमसीचा प्रश्न लहान होत नाही.

मग बंद करून टाकू या का?

पटकन 'हो' म्हणावंसं वाटतं. थांबा.

वीज तयार झाल्यावर खाली जे पाणी उरतं त्याला अवजल म्हणतात. कोलाडला राफ्टिंगला गेलायत? भर मे महिन्यात कुंडलिकेला एवढं पाणी कुठून, असा प्रश्न पडला होता का? ते भिऱ्याचं अवजल. केंद्रातून सकाळी पाणी सुटतं, म्हणून राफ्टिंग सकाळी असतं. तुमच्या रीलमधला तो पांढरा फेस मुळशीच्या पाण्याचा आहे.

राफ्टिंग गेलं तर चालेल. पण भिवपुरीचं अवजल उल्हास नदीत जातं, आणि उन्हाळ्यात बदलापूर, अंबरनाथ, कल्याणकडची शहरं याच नदीचं पाणी पितात. खोपोलीचं अवजल पाताळगंगेत जातं, त्यावर रसायनीकडचे कारखाने आणि वस्त्या उभ्या राहिल्या. शंभर वर्षांत या पाण्याभोवती लाखो माणसांचं आयुष्य बसलंय. डोंबिवलीत घर घेतलेल्या कुणालाही माहीत नसतं की आपल्या नळाची एक मुळी भीमेच्या खोऱ्यात आहे.

दुसरी गोष्ट विजेची वेळ. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली होती. लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. असं झालं की कोळशाचा थंड पडलेला संच उठायला तास-तास घेतो. पाण्याचा संच काही मिनिटांत चालू होतो. रोज संध्याकाळी सातनंतर दिवे, एसी, लिफ्ट एकदम सुरू होतात तेव्हाही हेच पाणी कामाला येतं. शेजारच्या केईएममधलं एखादं ऑपरेशन थिएटर लागेल तेव्हा ही वीज महाग आहे असं मी म्हणणार नाही.

म्हणून माझ्या मते 'पाणी की वीज' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. खरा प्रश्न असा : दिवसातल्या कोणत्या तासाची वीज या पाण्याच्या मोलाची आहे?

तळ्याची बॅटरी

१९१५ मध्ये पाण्याला पर्याय होता फक्त कोळसा. आज दुपारी बारा वाजता सौर वीज स्वस्त आहे, आणि तिला पाणी लागतं ते पॅनेल धुण्यापुरतं. वर्षाला ४२.४ टीएमसीतून निघते साधारण १४४ कोटी युनिट. एक मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट देतो. म्हणजे नऊशे ते हजार मेगावॅट सौर लावलं की तेवढी युनिटं आली. शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं लक्ष्यच १६,००० मेगावॅट आहे. त्यापुढे हजार म्हणजे काहीच नाही.

अडचण एकच, सूर्य संध्याकाळी घरी जातो. म्हणून हवी बॅटरी. आणि आपल्याकडे ती शंभर वर्षांपासून डोंगरावर बसलेली आहे.

याला उदंचन म्हणतात. दुपारी सौर वीज जास्त झाली की खालचं पाणी पंपाने वरच्या तळ्यात चढवायचं. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी वर. शंभर युनिट खर्च करून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, पण पाणी तेच. नवीन पाणी लागतं ते बाष्पीभवन भरून काढण्यापुरतं. भिऱ्याला असा १५० मेगावॅटचा एक संच आहे. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात मोठा करार झालाय : शिरवट्याला १,८०० मेगावॅट, भिवपुरीला १,००० मेगावॅट.

हे होणार असेल तर आनंदच आहे. पण इथेच एक प्रश्न आपण आत्ता विचारायला हवा. एकदा तेच पाणी वर-खाली फिरवून संध्याकाळची वीज मिळायला लागली, की दरवर्षी नवं पाणी कोकणात सोडण्याची गरज कमी होते. ती किती कमी होणार? बदलापूर-कल्याणच्या पिण्याच्या पाण्याइतकं राखून उरलेल्यातलं किती टीएमसी पुन्हा इंद्रायणीत, मुळेत सोडलं जाणार? कोणत्या वर्षापासून? आणि उजनी उणेमध्ये जाते त्या वर्षी काय नियम असणार? कोयनेत दुष्काळी वर्षी वीजनिर्मितीचं पाणी कमी करून सिंचनाला राखल्याच्या बातम्या आपण वाचतो. टाटांच्या धरणांसाठीही तसा लेखी नियम असायला काय हरकत आहे?

नाहीतर होईल असं की नवीन यंत्रं येतील, जुनी बादलीही तशीच खाली जात राहील. सोलापूरला दोन्हीतलं काहीच मिळणार नाही.

१९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९७३ मध्ये तीन राज्यांचे वकील बोलले, मोहोळ-करमाळ्याचा शेतकरी नाही. या वेळी करार कागदावर असतानाच प्रश्न विचारता येतो. आणि तो फक्त सोलापूरकरांनी विचारून भागणार नाही, कारण वीज आपण वापरतो. परळ, लालबाग, दादर. बादली आपल्या हातात आहे.

फोन चार्ज करू नका असं मी म्हणत नाहीये, करा बिनधास्त, नाहीतर पुढचा भाग कसा ऐकणार? एवढंच करा. तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, पीजीमध्ये सोलापूर, बीड, लातूरकडचं कुणी असेल तर विचारा, घरी नळाला किती दिवसांनी पाणी येतं आणि बोअर किती फुटांवर आहे. आलेला आकडा मला पाठवा, गावाच्या नावासकट. फुटांचं मीटर आणि मीटरचं युनिट मी करतो. आपल्या ऐकणाऱ्यांच्या गावांचा एक तक्ता करू, आणि पुढच्या महिन्यात त्यावर बोलू.

चला, भेटू. काळजी घ्या.